साचा आणि मॅक्रो : वर्ड प्रोसेसरमधील दोन सोयींचा इतिहास

पेशवे दफ्तरातील कोणतेही पत्र हाती घेतले, तर त्याचा आरंभीचा भाग अभ्यासकाला बहुधा नव्याने वाचावा लागत नाही. ‘अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री’ येथून निघालेला मायना आणि स्वकीय कुशल लिहीत जाण्याची विनंती ओलांडून ‘विशेष’ या शब्दापाशी आले म्हणजे पत्राचा खरा मजकूर सुरू होतो. त्या आधीचे सर्व लेखकाच्या हाताला ठाऊक असे. ज्याला पत्र धाडावयाचे त्याची पायरी ओळखून योग्य तो मायना निवडणे एवढेच त्याचे त्या भागापुरते काम होते; कोणाला काय लिहावे हे सांगणारी मेस्तके याच गरजेतून निघाली. याच पत्रांत परगण्याकरिता ‘प॥’, मुक्कामाकरिता ‘मु॥’ अशी चिन्हे येतात. ती लिहिणाऱ्याचे श्रम वाचवीत आणि वाचणारा ती मनातल्या मनात उलगडून घेई. पहिली सोय साच्याची, दुसरी संक्षेपाची. लेखन जेथे व्यवसाय म्हणून चालते तेथे या दोन्ही सोयी कोणत्या ना कोणत्या रूपाने आढळतातच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेखन संगणकावर गेले तेव्हा पहिलीला टेम्प्लेट आणि दुसरीला मॅक्रो ही नावे मिळाली.

तथापि हे साम्य एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. मायना स्वतः होऊन काही करीत नाही, आणि ‘प॥’ हे चिन्ह वाचकाच्या संमतीवाचून उलगडत नाही. वर्ड प्रोसेसरमधील संक्षेपाला मात्र कृतीचे सामर्थ्य प्राप्त झाले. तो उलगडतो तेव्हा केवळ अक्षरे उमटत नाहीत, तर आज्ञा पाळल्या जातात. आणि त्या कोणाच्या आज्ञा, हा प्रश्न उपस्थित होतो. कागद ही निश्चल वस्तू आहे, आज वाचला तरी आणि शंभर वर्षांनी वाचला तरी तो तोच असतो, या गृहीतावर इतिहाससंशोधनाची सारी साधनचिकित्सा उभी आहे. त्या गृहीताला धक्का कसा बसला याचा शोध घेताना या दोन किरकोळ वाटणाऱ्या सोयींचा इतिहास पाहणे अगत्याचे ठरते.

१

साच्याचे यांत्रिकीकरण संगणकाच्या आधीचे आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील कचेऱ्यांत ऑटो-टायपिस्ट नावाचे यंत्र वापरात होते. आपोआप वाजणाऱ्या पियानोत जशी छिद्रे पाडलेली कागदी गुंडाळी असते तशीच गुंडाळी, हवेच्या दाबावर, टंकलेखनयंत्राच्या कळा दाबीत असे. पत्रातील ठराविक मजकूर यंत्र टंकित करी आणि नाव किंवा रक्कम घालण्याची जागा आली की थांबे. टंकलेखिका तेवढेच शब्द स्वतः उमटवून यंत्र पुन्हा चालू करी. एकच स्त्री अशी तीन-चार यंत्रे एका वेळी सांभाळू शके. पत्र मिळणाऱ्याला मात्र ते आपल्यासाठीच लिहिले आहे असे वाटावे, हाच या खटाटोपाचा हेतू होता. १९६४ मध्ये आयबीएम कंपनीने चुंबकीय फितीवर मजकूर साठविणारे सिलेक्ट्रिक टंकलेखनयंत्र बाजारात आणले. त्याच्या दोन फितींच्या प्रकारात एकीवर पत्र आणि दुसरीवर नावे-पत्ते ठेवून दोहोंचा मेळ घालता येई. ‘वर्ड प्रोसेसिंग’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो याच यंत्राच्या विक्रीच्या प्रयत्नांतून.

मॅक्रो हा शब्द मात्र कचेरीतून आलेला नाही. ‘लांब’ किंवा ‘मोठा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दापासून तो घेतला आहे. एका छोट्या नावामागे यंत्राच्या आज्ञांची लांबलचक मालिका दडविण्याची युक्ती १९५० च्या दशकातील प्रोग्रामरांनी काढली. डग्लस मॅकइलरॉय यांनी १९६० मध्ये आणि क्रिस्टोफर स्ट्रेची यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांनी तिला शास्त्रशुद्ध रूप दिले. मजकुराच्या एका जागी दुसरा मजकूर बसविणे, आणि बसविलेल्या मजकुरात पुन्हा असेच संक्षेप असल्यास तेही उलगडणे, एवढाच या युक्तीचा गाभा आहे. एवढ्याशा नियमातून कोणतीही गणना करता येते ही गोष्ट स्ट्रेची यांच्या निबंधावरून स्पष्ट होते. पण कचेरीच्या दृष्टीने ती त्या वेळी निरुपयोगी होती.

या दोन प्रवाहांचा संगम बेल प्रयोगशाळेत झाला. एमआयटीमध्ये जेरोम साल्त्झर यांनी १९६४ मध्ये आपल्या प्रबंधाच्या निमित्ताने ‘रनऑफ’ नावाचा मजकूर मांडणारा प्रोग्राम लिहिला होता. त्याच्याच वंशातील प्रोग्राम घेऊन बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या गटाला नवा संगणक मिळवावयाचा होता. कार्यप्रणाली लिहिण्याकरिता पैसा मिळण्याची शक्यता नव्हती. म्हणून पेटंट विभागासाठी लेखनाची सोय करून देतो, असे कारण पुढे करण्यात आले. पेटंटच्या अर्जात ओळींना क्रमांक द्यावे लागत, आणि ते काम हा प्रोग्राम करी. १९७१ मध्ये पेटंट विभागातील टंकलेखक युनिक्सचे पहिले बाहेरचे वापरकर्ते झाले. पुढे सर्व जगात पसरलेल्या या कार्यप्रणालीला आरंभी आश्रय मिळाला तो पत्रे आणि अर्ज लिहिण्याच्या कामामुळे, ही गोष्ट तिच्या इतिहासात बहुधा ओझरतीच सांगितली जाते.

जो ओसाना यांच्या ‘ट्रॉफ’मध्ये समासाचे माप, ओळीतील अंतर, अक्षराचा आकार यांसाठी वेगवेगळ्या सूक्ष्म आज्ञा होत्या. प्रत्येक परिच्छेदाला त्या सर्व लिहीत बसणे कोणालाही शक्य नव्हते. माइक लेस्क यांनी त्यांवर मॅक्रोंचा एक संच रचला. लेखकाने ओळीच्या आरंभी टिंब देऊन दोन अक्षरे लिहावीत की परिच्छेदाची सर्व मांडणी आपोआप व्हावी. येथे एक सूक्ष्म पण महत्त्वाची गोष्ट घडली. लेखकाने ‘येथे परिच्छेद आहे’ एवढेच सांगितले. परिच्छेद कसा दिसावा हे मॅक्रोने ठरविले. मॅक्रोंचा संच बदलला की तोच लेख निराळ्या रूपात छापला जाई. म्हणजे आज्ञांचा संक्षेप आणि साचा या दोन्ही गोष्टी एकाच साधनाने साधल्या. ब्रायन रीड यांचा १९८० चा ‘स्क्राइब’ आणि डोनाल्ड क्नूथ यांच्या ‘टेक्’वर लेस्ली लँपोर्ट यांनी उभारलेला ‘लाटेक्’ ही याच विचाराची पुढील रूपे होत.

२

एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील इतिहास अधिक रोचक आहे, आणि त्याचे महत्त्व तांत्रिकापेक्षा सामाजिक अधिक आहे.

डॅन मर्फी यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ‘टेको’ नावाचा संपादनप्रोग्राम रचला. त्यातील प्रत्येक आज्ञा एका अक्षराची होती आणि आज्ञा एकापुढे एक लिहून मालिका करता येई. अशा मालिका दिसावयास निरर्थक अक्षरांच्या ढिगासारख्या असत. परंतु त्या साठवून एका कळीला जोडता आल्या की संपादकाचे काम झपाट्याने होई. परिणाम असा झाला की प्रयोगशाळेतील प्रत्येकाने आपापला मॅक्रोसंच तयार केला. एकाच्या जागेवर दुसरा बसला तर त्याला कोणती कळ काय करील हे समजेना. १९७६ मध्ये गाय स्टील यांनी या संचांचा मेळ घालण्यास प्रारंभ केला आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी ते काम तडीस नेले. ‘संपादनाचे मॅक्रो’ या अर्थाच्या शब्दांतील आद्याक्षरे घेऊन त्याला ‘ईमॅक्स’ हे नाव पडले. त्याच्या वाटपाची अट अशी होती की ज्याने त्यात सुधारणा केली त्याने ती परत मूळ संचात आणून द्यावी. स्टॉलमन यांचा मुक्त सॉफ्टवेअरचा पुढील आग्रह सर्वांना परिचित आहे. त्याचे बीज मॅक्रोंच्या व्यवस्थापनाच्या या अगदी व्यावहारिक अडचणीत आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

याच संदर्भात बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी १९७८ मध्ये मल्टिक्स या प्रणालीसाठी लिहिलेल्या ईमॅक्सची हकीकत लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच्या विस्ताराची भाषा लिस्प होती. कचेरीतील चिटणीस-स्त्रियांना तो वापरावयास दिला तेव्हा त्यांच्या हाती एक पुस्तिका आली. संपादकाला नव्या सोयी कशा जोडाव्यात हे तीत सांगितले होते, परंतु हे करणे म्हणजे प्रोग्राम लिहिणे होय असे कोठेही म्हटले नव्हते. आपल्याला प्रोग्राम लिहिता येणार नाही अशी ज्यांची समजूत होती त्या स्त्रिया ती वाचून लिस्पमध्ये प्रोग्राम लिहू लागल्या. ही हकीकत स्टॉलमन यांनी २००२ मध्ये एका व्याख्यानात सांगितली आहे. सांगणारा ईमॅक्सचा अभिमानी आहे हे ध्यानात ठेवूनही तिचे मोल कमी होत नाही, कारण अन्यत्रही असेच घडत होते. वांग कंपनीची पडद्यावर मजकूर दाखविणारी यंत्रे १९७६ नंतर कचेऱ्यांत शिरली. त्यांत ‘ग्लॉसरी’ नावाची सोय होती. तिच्यात ठराविक परिच्छेद आणि कळांच्या मालिका साठविता येत आणि ‘असे असेल तर तसे कर’ अशा अटीही घालता येत. नावावरून ती शब्दसूची वाटे. वस्तुतः ती प्रोग्रामिंगची भाषा होती. तीत काम करणारांची नावे संगणकाच्या इतिहासात आढळत नाहीत. त्या पदाने टंकलेखिका होत्या, आणि पगारही टंकलेखिकेचाच होता.

१९८० च्या दशकात वैयक्तिक संगणकावरील वर्डपरफेक्ट या प्रोग्रामने हीच परंपरा पुढे चालविली. युटा राज्यातील ओरेम नगरपालिकेसाठी ॲलन ॲश्टन आणि ब्रूस बॅस्टियन यांनी आरंभिलेला हा प्रोग्राम अमेरिकेतील वकिलांच्या कचेऱ्यांत विशेष रुजला. त्यात मॅक्रो करण्यास भाषा येण्याची गरज नव्हती. कंट्रोल आणि एफ-१० या कळा दाबल्या की प्रोग्राम दाबलेल्या प्रत्येक कळीची नोंद घेऊ लागे. काम संपल्यावर तीच कळ पुन्हा दाबून नोंद थांबवावयाची. त्या नोंदीला ‘आल्ट’ आणि एक अक्षर असे नाव दिले की पुढे तेवढ्याने सर्व काम पुन्हा होई. प्रत्येक मॅक्रोची स्वतंत्र फाइल होत असे. ती तबकडीवर घेऊन शेजारच्या संगणकावर नेता येई, नको झाल्यास पुसून टाकता येई. या पद्धतीचा दोष असा की मॅक्रोला कृती ठाऊक असे, हेतू नव्हे. एखादी निवडसूची बदलली किंवा मजकूर अपेक्षेपेक्षा एक ओळ पुढे सरकला की तो आंधळेपणाने चुकीच्या जागी कळा दाबीत जाई. गुणही तितकाच उघड होता. मॅक्रो एका ठिकाणी आणि पत्र दुसऱ्या ठिकाणी असल्यामुळे कोणी कोणाला पत्राची फाइल दिली तर तिच्याबरोबर मॅक्रो जात नसे. हा गुण त्या वेळी कोणालाही गुण वाटला नाही.

३

मायक्रोसॉफ्ट वर्ड १९८३ मध्ये निघाला. तो रचणारे चार्ल्स सिमोनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेतून आले होते; शीर्षक, परिच्छेद, अवतरण यांचे रूप ‘शैली’ म्हणून वेगळे नोंदवावे ही कल्पना त्यात आरंभापासूनच होती. १९८९ च्या अखेरीस विंडोजसाठी वर्डची पहिली आवृत्ती आली, आणि तिच्यात साचा व मॅक्रो यांच्या इतिहासातील निर्णायक गोष्ट घडली. मॅक्रोसाठी ‘वर्डबेसिक’ ही भाषा देण्यात आली आणि मॅक्रोंचे निवासस्थान म्हणून साच्याची निवड झाली.

ही रचना नीट समजून घेतल्यावाचून पुढील घटनांचा अर्थ लागणार नाही. वर्डमध्ये साचा ही एक स्वतंत्र फाइल असते आणि प्रत्येक पत्र कोणत्या तरी साच्यावरून निघते. साच्यातील ठराविक मजकूर नव्या पत्रात एकदाच उतरतो. नंतर साचा बदलला तरी जुन्या पत्रातील मजकूर बदलत नाही. शैली बदलतात, पण त्या आपोआप अद्ययावत व्हाव्यात असे सांगितले असेल तरच. मॅक्रो मात्र पत्रात उतरत नाहीत. ते साच्यातच राहतात, आणि पत्र उघडताना त्याला जोडलेल्या साच्यातून उपलब्ध होतात. मजकुराची नक्कल होते आणि आज्ञांशी संबंध चालू राहतो, असा हा दुहेरी व्यवहार आहे. याखेरीज ‘नॉर्मल’ नावाचा एक साचा असा आहे की तो वर्डबरोबर नेहमीच उघडतो. त्यातील मॅक्रो, कळांच्या जोडण्या आणि संक्षेप सर्व पत्रांना लागू होतात. एकाच नावाचा मॅक्रो दोन्हीकडे असेल, तर पत्राला जोडलेल्या साच्यातील आधी चालतो, नंतर नॉर्मलमधील. गावच्या वहिवाटीला मुलखाच्या नियमापेक्षा अग्रमान मिळावा तसा हा प्रकार आहे.

कचेऱ्यांत व्यवहारतः काय झाले हे कोणत्याही अनुभवी टंकलेखकाला ठाऊक आहे. शिकवणीच्या पुस्तकांतून सांगितले जाई की कचेरीचा साचा वेगळा ठेवावा, तो सामायिक जागी असावा, आणि नॉर्मलमध्ये स्वतःपुरत्याच गोष्टी ठेवाव्यात. परंतु नवा मॅक्रो नोंदविताना तो कोठे ठेवावयाचा असे वर्ड विचारी तेव्हा पुढ्यात नॉर्मलचेच नाव असे, आणि बहुतेक जण ते तसेच मान्य करीत. वर्षानुवर्षांचे संक्षेप, पत्रशीर्षके, कळांच्या जोडण्या एकाच फाइलीत साचत गेल्या. ती फाइल बिघडली तर जाणकार मंडळी तिचे नाव बदलावयास सांगत. पुढच्या खेपेस वर्ड कोरी नॉर्मल फाइल तयार करी, आणि बिघाडाबरोबर त्या माणसाची सारी मिळकतही नाहीशी होई. ऑर्गनायझर या सोयीने एका साच्यातील मॅक्रो व शैली दुसऱ्या साच्यात हलविता येत, पण तिचा वापर करणारे थोडेच होते.

वर्डबेसिकमध्ये आणखी दोन नियम होते. ‘ऑटोओपन’ अशा काही राखीव नावांचा मॅक्रो असल्यास तो पत्र उघडताच न विचारता चाले. आणि वर्डच्या एखाद्या मूळ आज्ञेचेच नाव मॅक्रोला दिले, तर त्या आज्ञेच्या जागी मॅक्रो चाले. दोन्ही नियम कचेऱ्यांच्या मागणीला धरून होते. पत्र उघडताच अर्जाचा नमुना समोर यावा, किंवा फाइल जतन करताना तिला आपोआप जावक क्रमांक पडावा, अशा कामांना त्यांचा उत्तम उपयोग होई. हे तीन निर्णय एकेकटे पाहिले तर प्रत्येक समंजस होता. त्यांच्या एकत्र येण्याचा परिणाम १९९५ मध्ये दिसून आला.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ‘कन्सेप्ट’ नावाने पुढे ओळखला गेलेला मॅक्रो-व्हायरस प्रकट झाला. त्याची कार्यपद्धती वर वर्णिलेल्या रचनेचाच अचूक उपयोग करणारी होती. बाधित फाइल उघडताच तिच्यातील ‘ऑटोओपन’ चाले आणि आपले मॅक्रो नॉर्मलमध्ये उतरवी. त्यांतील एकाचे नाव ‘दुसऱ्या नावाने जतन करा’ या मूळ आज्ञेचेच असे. त्यानंतर वापरणाराने कोणतेही पत्र त्या आज्ञेने जतन केले की ते प्रत्यक्षात साचा म्हणून जतन होई, कारण मॅक्रो फक्त साच्यातच राहू शकत. फाइलीचे नाव मात्र पत्राचेच असे. म्हणजे पत्राच्या वेषात साचा हिंडू लागला. पडद्यावर एक चौकट येऊन तिच्यात ‘१’ हा अंक दिसे, याखेरीज तो काहीही उपद्रव करीत नसे. आपले म्हणणे सिद्ध झाले, अशा अर्थाची ओळ त्याच्या कर्त्याने एका निष्क्रिय मॅक्रोत लिहून ठेवली होती. नामुष्कीची गोष्ट अशी की मायक्रोसॉफ्टनेच वितरित केलेल्या एका सीडीवर हा व्हायरस अनवधानाने गेला होता. जर्मनसारख्या भाषेतील वर्डमध्ये मूळ आज्ञांची नावे त्या भाषेत असल्याने त्याचा प्रसार अडला, हाही तपशील उद्बोधक आहे.

तोपर्यंत व्हायरस म्हणजे प्रोग्रामला लागणारी बाधा, पत्रांना तिची भीती नाही, असे जाणकारही निःशंकपणे सांगत. त्यांचे सांगणे चुकीचे नव्हते. पत्राची व्याख्याच बदलली होती, आणि ती बदलल्याचे कोणी जाहीर केले नव्हते.

२६ मार्च १९९९ रोजी पसरलेल्या ‘मेलिसा’ने या मॅक्रोला टपाल जोडून दिले. बाधित पत्र उघडले की वापरणाराच्या पत्तासूचीतील पहिल्या पन्नास पत्त्यांवर तेच पत्र, त्याच्याच नावाने, रवाना होई. ओळखीच्या माणसाने धाडलेले पत्र म्हणून घेणारा ते उघडी. अनेक मोठ्या कंपन्यांना आपली टपालयंत्रणा बंद ठेवावी लागली. त्याचा कर्ता डेव्हिड स्मिथ याला न्यू जर्सीत १ एप्रिलला अटक झाली आणि २००२ मध्ये त्याला वीस महिन्यांची कैद झाली. वर्ड त्या काळी प्रत्येक फाइलीत न दिसणारा ओळखक्रमांक नोंदवीत असे. मेलिसाचा माग काढताना संशोधकांनी त्याचाही आधार घेतला. साधनचिकित्सेची ही नवी शाखा त्या प्रकरणाने सामान्य लोकांपुढे आली.

यापुढील वृत्तांत थोडक्यात सांगता येईल, कारण तो मुख्यतः माघारीचा आहे. वर्डच्या १९९७ च्या आवृत्तीत वर्डबेसिक जाऊन व्हिज्युअल बेसिकचे रूप आले आणि मॅक्रो साच्याप्रमाणेच पत्रातही राहू लागले. त्याच आवृत्तीपासून मॅक्रो असलेली फाइल उघडताना इशारा मिळू लागला. २००० च्या आवृत्तीत स्वाक्षांकित मॅक्रो आणि सुरक्षिततेच्या पायऱ्या आल्या. इशाऱ्याने फारसा लाभ झाला नाही. ज्याला काम करावयाचे आहे तो इशारा वाचत नाही, आणि फसविणारे लोक पत्राच्या मजकुरातच ‘पुढील भाग पाहण्यासाठी मॅक्रो चालू करा’ असे लिहू लागले. २००७ मध्ये फाइलींचे प्रकारच वेगळे करण्यात आले. मॅक्रो नसलेले पत्र आणि मॅक्रो असलेले पत्र यांना, तसेच दोन प्रकारच्या साच्यांना, भिन्न नामप्रत्यय मिळाले. विभागणी योग्य होती. ती १९८९ मध्येच व्हावयास हवी होती, असे मागाहून पाहणाऱ्यास वाटल्यावाचून राहत नाही. मॅकिंटॉशसाठीच्या २००८ च्या आवृत्तीतून व्हिज्युअल बेसिक काढूनच टाकले गेले. कचेऱ्यांचे वर्षानुवर्षांचे मॅक्रो त्यामुळे निकामी झाले, आणि २०११ च्या आवृत्तीत ते परत आणावे लागले. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज काही तास खंडित करणारा हल्ला झाला. त्यात वीजकंपन्यांत शिरकाव करून घेण्यासाठी मॅक्रो असलेल्या फाइलीच पाठविल्या गेल्या होत्या. अखेर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचे ठरविले. त्या वर्षीच्या जुलैत हा बदल काही दिवस मागे घेऊन पुन्हा लागू करण्यात आला, यावरून मॅक्रोंवर चालणाऱ्या कचेऱ्यांची संख्या तेव्हाही किती होती याची कल्पना येते.

४

मराठी लेखनव्यवहाराचा या इतिहासाशी एक प्रत्यक्ष संबंध आहे. देवनागरीची युनिकोडमधील व्यवस्था १९९१ पासूनची असली तरी विंडोज २००० पूर्वी सामान्य संगणकावर तिचा उपयोग करणे शक्य नव्हते, आणि नंतरही बराच काळ मराठी टंकलेखन जुन्या फॉन्टांतच चाले. त्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी रोमन अक्षरे आणि चिन्हेच असत. त्यांची केवळ दृश्य आकृती देवनागरी होती. याचा पहिला त्रास वर्डच्या स्वयंदुरुस्तीचा. वाक्याचे पहिले अक्षर इंग्रजी समजून वर्ड ते मोठे करी आणि पडद्यावर भलतेच अक्षर उमटे. ती दुरुस्ती बंद केलेला, फॉन्ट आणि समास ठरविलेला मराठीचा वेगळा साचा ठेवणे ही त्यामुळे हौस नव्हती, गरज होती.

दुसरा प्रसंग त्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करण्याचा. ‘शोधा आणि बदला’ या आज्ञेच्या शेकडो पायऱ्या एका मॅक्रोत गुंफून हे काम केले जाई, आणि त्यात मराठी लिपीच्या रचनेचा कस लागे. जुन्या फॉन्टांत अक्षरे डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठविली जात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकित होई, ती युनिकोडमध्ये व्यंजनानंतर हवी. रफार अक्षरानंतर टंकित होई, तो अक्षराआधी हवा, आणि मध्ये जोडाक्षर किंवा काना असेल तर किती मागे न्यावा हे ठरवावे लागे. ‘ग’ हे अक्षर पुष्कळ फॉन्टांत अर्धा ग आणि काना असे दोन तुकड्यांचे असे. म्हणून ती जोडी आधी बदलून नंतर सुटे काने बदलणे आवश्यक. क्रम उलटा झाला तर सर्व ‘ग’कार बिघडत. संपादित ग्रंथांच्या जुन्या प्रती आज शोधयोग्य स्वरूपात उपलब्ध आहेत त्यांतील कित्येक अशा रूपांतरांतून गेलेल्या आहेत. त्यांत वेलांटीची किंवा रफाराची विशिष्ट चूक पुनःपुन्हा आढळली तर ती मूळ लेखकाची किंवा मुद्रिताची मानण्यापूर्वी रूपांतर करणाऱ्या मॅक्रोचा विचार करणे युक्त ठरेल. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत नक्कलकाराच्या हाताच्या सवयी ओळखाव्या लागतात, त्याच जातीचे हे काम आहे.

दफ्तरखान्याच्या दृष्टीने याहूनही अवघड प्रश्न साच्यातील तारखेचा आहे. पत्राच्या साच्यात तारीख स्वतः लिहिण्याऐवजी ‘आजची तारीख’ असे क्षेत्र घालण्याची प्रथा सर्वत्र होती, कारण त्यामुळे टंकलेखकाचा एक ताप वाचे. वर्डमध्ये अशी क्षेत्रे निरनिराळ्या प्रकारची आहेत. एकात फाइल निर्माण झाल्याची तारीख येते, दुसऱ्यात जतन केल्याची, आणि तिसऱ्यात ज्या दिवशी क्षेत्र अद्ययावत होईल त्या दिवसाची. तारीख घालण्याच्या चौकटीत ‘आपोआप अद्ययावत करा’ ही खूण केली की तिसरा प्रकार बसे, आणि सर्वांत अधिक वापर त्याचाच झाला. पत्र छापून धाडले तोपर्यंत काही बिघडत नाही. परंतु कार्यालयीन प्रत म्हणून फाइलच जपून ठेवली असेल, तर दहा वर्षांनी ती उघडून छापणाऱ्याला तिच्या माथ्यावर छापण्याच्या दिवसाची तारीख दिसते. आतील मजकूर १९९८ चा, सही करणारा अधिकारी निवृत्त झालेला, आणि तारीख वाचणाऱ्याच्या दिवसाची, अशी ती प्रत निघते. मूळ तारीख फाइलीच्या गुणधर्मांतून किंवा जावक नोंदवहीतून काढावी लागते. फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना संगणकाच्या सूचीतील निर्मितीची तारीखही बदललेली असू शकते. फाइलीच्या आत वर्डने स्वतः नोंदविलेली निर्मितीची तारीख त्या मानाने टिकते. पण जुनेच पत्र उघडून त्यावरून नवे पत्र तयार करण्याची सवय असलेल्या टंकलेखकाच्या बाबतीत ती तारीख मूळ, कदाचित काही वर्षांपूर्वीच्या, पत्राचीच असू शकते. अशा वेळी कागदी जावक नोंदवही हाती असेल तर तिच्यातील नोंद प्रमाण मानावी लागते.